टॉवेल-टोपीचा मान

मांडवगण फराटा
२ सप्टेंबर २०२४

मुक्तावहिनी,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ज्या चार ओळी शिष्टाचाराच्या असतात त्या मनातल्या मनात वाचून घ्या. माझ्या हाताला ग्रीस आहे आणि घरात कागद एवढाच सापडला.

बातमी अशी, की दादाची फियाट शेडमधून बाहेर काढली. दादा गेल्यापासून ती कांद्याच्या बारदानाखाली उभी होती. चाकं जमिनीला धरून बसलेली, डिकीत मांजरीने संसार मांडलेला. ज्ञानेश म्हणाला, "आबा, भंगारवाल्याला बोलवू का?" मी म्हटलं, "आधी तुला घालतो." पोटचा मुलगा आहे, पण गाडी आणि डबा यातला फरक त्याला कळत नाही.

काढायचं कारण आपली राजनंदिनी. ज्ञानेशच्या थोरलीचं जमलं. पाटसचं स्थळ आहे, सोपानरावांचा मुलगा. लग्न फेब्रुवारीत, उसाच्या धामधुमीतच. आपल्या घरातली प्रत्येक पोर याच फियाटमधून सासरी गेली. तुमची करुणा गेली, माझी अनुपमा गेली, आणि स्टिअरिंगवर दर वेळी दादा. मग राजनंदिनीने काय कुणाच्या भाड्याच्या पांढऱ्या गाडीत जायचं?

फोन का केला नाही, ते तुम्हाला माहीत आहे. साखर कारखान्यात मिलवर फिटर म्हणून जन्म गेला, कान तिथेच राहिले. जाड आवाज येतो, बारीक येत नाही. मोबाईलवर टाईप करायला जावं तर माझं एक बोट तीन अक्षरांवर बसतं. तेव्हा आपला बिरदेव कंडक्टर दौंडच्या गाडीवर आहे तोवर चिठ्ठी-चपाटी त्याच्याच हाती.

गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणून परवानगी मागतो. माझा बेत सांगतो. बाहेरून ती दादाच्या वेळची दिसली पाहिजे, अगदी तशीच. पण जिथे नजर जात नाही तिथे मी नवं घालणार. पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक. ठिणगीला पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक. दिव्यांच्या काचा जुन्याच, आत एलईडी. जुन्या रेडिओच्या पोटात ब्लूटूथ घालायचा ज्ञानेशचा हट्ट आहे, तेवढा पुरवतो. गिअर मात्र स्टिअरिंगलाच राहणार, त्याला हात लावणार नाही.

एक अडचण आहे. रंग खरवडला तर वर निळा निघतो आणि खाली बदामी. खरा कोणता धरू?

तुमचा दीर,
हौसराव


दौंड
९ सप्टेंबर २०२४

भावजी,

तुमचं पत्र बिरदेवने दारात आणून दिलं. सोबत ग्रीसचे पाच ठसे होते, त्यामुळे पत्र तुमचंच याची खात्री पटली.

परवानगी दिली. मला वाटलं होतं ती गाडी आता तुम्ही कोंबड्यांना दिली असेल. बाहेर काढलीत हे वाचून मी एकटीच बसून हसत होते, मग थोडी रडलेही. सांगायला लाज कसली.

रंग निळाच द्या. गाडी आली तेव्हा बदामी होती हे खरं, पण करुणा झाली त्या वर्षी मी म्हटलं, निळी करा. तुमच्या दादांनी महिनाभर नाही म्हटलं आणि मग निळी करून आणली. वर गावभर सांगितलं की रंग त्यांनी निवडला. आता ते नाहीत, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही.

तुमचा बेत मला आवडला. बाहेरून जुनं आणि आतून नवं असायला काहीच वाईट नाही. मीसुद्धा गुडघ्याचं ऑपरेशन केल्यापासून तशीच आहे.

माझ्या दोन सूचना आहेत. एक, पुढच्या दोन्ही सीटना पट्टे बसवा, आडवे आणि खांद्यावरून येणारे. दुसरी, ड्रायव्हरची सीट चार बोटं पुढे घ्या आणि तीन बोटं उंच करा. का ते आत्ता विचारू नका.

बारदानाची धूळ नाकात जाऊ देऊ नका. आमच्या धाकट्या जाऊबाईंना, सरूला सांगा, मेथीच्या वड्या पोचल्या आणि संपल्याही.

मुक्ता


मांडवगण फराटा
२० ऑक्टोबर २०२४

वहिनी,

निळा रंग बसला. शिरूरच्या पेंटरने तीनदा डबा बदलला, कारण मी दर वेळी दादाच्या जुन्या फोटोशी लावून बघत होतो. शेवटी तो म्हणाला, "आबा, फोटोच उन्हानं उतरलाय, मी काय करू?" तेव्हा नंबर प्लेटच्या मागे, जिथे कधी ऊन लागलं नव्हतं, तिथला रंग त्याला दाखवला. आता जुळला आहे.

ब्रेक असे झालेत, की पायाचा अंगठा टेकवला तरी गाडी जागच्या जागी. इंजिन पहिल्या चावीला उठतं. मी बॉनेटवर हात ठेवून बघतो, थरथर एकसारखी आहे. मिलचे एवढाले रोलर हाताने ओळखले, ही तर टीचभर गाडी. कानाला मशीनसुद्धा लावतो हल्ली, त्यामुळे काळजी नसावी.

पट्टे बसवले. सीटही चार बोटं पुढे घेतली, तीन बोटं उंच केली. आधी मला कळेना. मग सरू म्हणाली, मागे नवरी बसणार, तिचा शालू, तिची करवली, मांडीवर रुखवताची परडी, पाय ठेवायला जागा नको का? तेव्हा तुमची हुशारी ध्यानात आली. बायकांचं डोकं अशा ठिकाणी चालतं. उंच कशाला ते अजून कळलं नाही, पण केली.

त्या दिवशी गाडी कोण चालवणार यावर घरात चर्चा आहे. नवरीचा आजा सासरी जात नाही, त्यामुळे मी बाद. मग ज्ञानेशच राहतो. गाडी चालवताना त्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि गाण्यावर जास्त असतं, पण दुसरं आहे कोण?

हौसराव


दौंड
२७ ऑक्टोबर २०२४

भावजी,

दुसरं आहे कोण, असं तुम्ही विचारलंत. मी आहे.

सीट शालूसाठी पुढे घ्यायला सांगितली नव्हती. माझ्या पायांसाठी सांगितली होती. उंची माझ्या नजरेसाठी. मी गाडी शिकले. इथल्या क्लासला कॉलेजच्या पोरींबरोबर जात होते. त्या मला आधी आजी म्हणायच्या, मग मी पहिल्याच खेपेला गाडीने रिव्हर्समध्ये आठचा आकडा काढून दाखवला तेव्हापासून मॅडम म्हणतात. बारामतीला जाऊन परीक्षा दिली. साहेबांनी विचारलं, "या वयात कशाला, मावशी?" मी म्हटलं, "या वयात वेळ मिळाला." लायसन उन्हाळ्यातच हातात आलं. तुम्हाला कळवलं नाही, कारण तेव्हा चालवायला गाडी नव्हती.

तुमच्या दादांच्या शेजारी मी सारा संसार बसून काढला. ते ब्रेक दाबायच्या आधी माझा उजवा पाय फरशी दाबायचा. कुठे गिअर बदलायचा ते मला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं, आणि मी खूण केली की ते बदलायचे, पण कबूल करायचे नाहीत. किती वेळा म्हणाले, उद्या तुला शिकवतो. त्यांच्यात खोट नव्हती, फक्त तो उद्या आला नाही. करुणाला सासरी सोडायला गेलो तेव्हाही ते डोळे पुसत चालवत होते, आणि मला वाटत होतं, आता तरी चाक माझ्याकडे द्या, मला नीट दिसतंय.

राजनंदिनीला पाटसला मी नेणार. मला हे फार फार हवं आहे, भावजी. एवढं मी आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही.

मुक्ता


मांडवगण फराटा
१२ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लायसन काढलंत याचा अभिमान वाटला, खोटं नाही सांगत. गावात पाच माणसांना सांगितलंही.

पण नवरीची गाडी ही निराळी गोष्ट आहे. तुम्हाला रीत माहीत आहे. नवरीला आणणाऱ्या ड्रायव्हरला व्याही दारात टॉवेल-टोपी करतात, नारळ देतात, मग नवरी उतरते. दादाकडे अशा टोप्यांची चळत होती. तिथे तुम्ही चाकावर दिसलात तर ते लोक टोपी घालणार कुणाला? माझं सोडा, मी काही मानत नाही. पण सरूचं म्हणणं पडलं, की शुभकार्य आहे, दादा नाहीत, अशा वेळी पहिल्या गाडीत पुढे तुम्ही असणं बरं दिसायचं नाही. नवे पाव्हणे आहेत. पोरीला उद्या तिथे नांदायचं आहे. बायकांचं मन असतं, मी तरी काय बोलणार?

तुम्ही मागे बसा, नवरीच्या शेजारी, मानाने. लग्न पार पडलं की गाडी तुमचीच आहे, दौंडभर फिरवा. तुम्ही समजदार आहात.

हौसराव


मांडवगण फराटा
१६ नोव्हेंबर २०२४

आक्का,

सरूचा दंडवत. मला लिव्हता येतं पर लिव्हायला लागले की रात होती, म्हनून नंदी लिव्हतीय, मी बोलतीय.

ह्यांनी पत्रात माझं नाव घातलं त्ये नंदीनं वाचलं. पाकीट डिंकानं चिकटवायच्या आधीच वाचलं तिनं, तिची चूक न्हाई, तिच्याच लग्नाचं हाय. आन् मी असं कायबी म्हनले न्हाई. व्हय, शालूची जागा म्हनले, तेवढं माझं. बाकीचं सगळं ह्यांचं हाय. ह्यांना पारावरच्या चार म्हाताऱ्यांची भीती वाटती आन् पुढं करायला बायको. मी ईचारलं, "अवो, थोरल्या जावंनं सोताच्या गाडीला हात लावला तर कुनाचं काय जातंय?" तर म्हनं, मशीन लावलं न्हाई, ऐकू येत न्हाई. त्ये कानाचं मशीन शोकेसमदी कपबश्यांच्या मागं पडलंय. तुमास्नी लावतो म्हनून लिव्हलं असंल. एक दिवस लावलं न्हाई.

मी ह्या घरात आले तवापासनं तुमी मला कवा धाकटी म्हनून दाबलं न्हाई. दादा गेलं तवा लोकांनी तुमाला हळदी-कुंकवाला बोलवायचं बंद केलं, मीबी केलं. त्ये मला अजून टोचतंय. म्हनून सांगते, चंपाषष्ठीला या. भरीत-रोडगा खाऊ आन् गाडी बघा. बोलनं समोरासमोर हुईल.

सरू

आक्काआजी, मी नंदी. हे माझं स्वतःचं. मी पप्पांच्या गाण्यांवर सासरी जाणार नाही. मागच्या सीटवरही बसणार नाही. तुम्ही चालवा, मी पुढे तुमच्या शेजारी बसते. फक्त हे आबांनी स्वतःहून म्हटलं पाहिजे, नाहीतर लग्नात तोंड पाडून फिरतील.


दौंड
९ डिसेंबर २०२४

भावजी,

चंपाषष्ठीचा पाहुणचार उत्तम झाला. रोडगा सरूचा आणि वांगी तुमच्या मळ्यातली, दोन्हीला तोड नाही. गाडीच्या निळ्या रंगावर मी हात फिरवला तेव्हा तुम्ही तोंड फिरवून पाना शोधत होतात. पाना तुमच्या खिशात होता.

चालवण्याचं मी तिथे काढलं नाही आणि इथेही काढत नाही. गाडी माझ्या नावावर आहे, मी येऊन घेऊन जाऊ शकते. तसं करणार नाही. किल्ली तुमच्या हातून मिळाली तरच घेईन.

हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. तुम्ही मला मळ्यापर्यंत फिरवून आणलंत. परत येताना अंगणात गाडी वळवायला स्टिअरिंग पुरतं उजवीकडे फिरवलंत, तेव्हा डाव्या पुढच्या चाकातून आवाज आला. बारीक, चिर्र असा, रबर रबराला घासल्यासारखा. स्टिअरिंग सरळ केलं की बंद. तुम्ही पुन्हा वळवलंत, पुन्हा आला. तुमच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा मला कळलं की तो तुम्हाला येतच नाही. चारचौघांत बोलले असते तर तुम्ही "व्हय, व्हय, ठाऊक हाय" म्हणाला असता आणि विषय संपला असता.

या गाडीचा प्रत्येक आवाज मला पाठ आहे. हा तिचा नाही. हा नवीन आहे, म्हणजे तुम्ही जे नवीन बसवलंत त्यातला असणार. ज्ञानेशला विचारू नका, तो गाणी लावून बसतो. चाक काढून बघा. राग आला तर येऊ द्या, पण आधी चाक काढा.

मुक्ता


मांडवगण फराटा
२९ डिसेंबर २०२४

वहिनी,

राग आला. आठ-दहा दिवस होता. मी म्हटलं, मिलवर माझ्या हाताखाली पोरं शिकली आणि आता दौंडहून मला चाक काढायला सांगतात. मग एका सकाळी सरूने जॅक आणून चाकाशी ठेवला आणि चहा करायला निघून गेली.

डिस्क ब्रेकला तेल नेणारी जी रबराची नळी असते, ती मी बोटभर लांब घेतली होती आणि तिला धरून ठेवणारी क्लिप लावायची राहिली होती. चाक पुरतं वळलं की नळी टायरला घासायची. एका अंगाने ती इतकी झिजली होती, की आतला दोरा दिसत होता. अजून थोडे दिवस, आणि पाटसच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे ब्रेक दाबला असता तर पाय नुसता खाली गेला असता. आत राजनंदिनी असती. चालवायला ज्ञानेश असता, आणि गाणी चालू असती.

नळी हातात धरून मी अंगणात बसलो. सरू म्हणाली, "आता तरी घाला त्ये कानात." घातलं. पहिल्यांदा काय ऐकू आलं म्हणाल, तर शेवग्यावरच्या चिमण्या. त्या अजून ओरडतात हे मला माहीत नव्हतं. दुसरं ऐकू आलं ते सरूचं पुटपुटणं. त्यातलं निम्मं माझ्याबद्दल असतं.

नवी नळी मापाची घातली, क्लिप लावली. समृद्धीला, म्हणजे नंदीच्या धाकट्या बहिणीला, चाकाजवळ उभं करून अंगणात वीस वेळा वळवली. आवाज नाही. मीही ऐकलं, म्हणजे नाही तेच ऐकलं.

मागच्या पत्रात सरूचं नाव घातलं ते खोटं होतं. मला लोकांची भीती वाटली. पारावर काल मी आपणहून काढलं, की नंदीला नेणारी गाडी आमची वहिनी चालवणार. मग एक जण म्हणाला, "ब्येस झालं, ग्यानेशपरीस बरी चालवंल."

सोबतच्या पिशवीत किल्ली आहे. दादाचीच, रिंगसुद्धा तीच. दर रविवारी या, नदीच्या रस्त्याला सराव करू. मी शेजारी बसतो.

हौसराव

ता. क. रविवारी माझा उजवा पाय फरशी दाबेल, त्याला हसू नका.


दौंड
१९ फेब्रुवारी २०२५

भावजी,

तुम्ही कार्यालयाच्या दारात टोपी हातात घेऊन उभे होता आणि मी आरशात तुम्हाला लहान लहान होताना बघत होते. पुढचं तुम्ही पाहिलं नाही, आणि सरू म्हणते तुम्ही ज्ञानेशला सारखं तेच तेच विचारताय. म्हणून नीट लिहिते.

नंदी पुढे बसली, पट्टा लावून, मुंडावळ्या मागे टाकून. मागे नवरदेव आणि समृद्धी. नवरदेव सभ्य मुलगा आहे, पण पहिले दोन मैल त्याने पुढची सीट घट्ट धरली होती. नंदी वळून म्हणाली, "सोडा आता ती. आक्काआजीला कळतं सगळं." मग त्याने सोडली. नंदी भीमेचा पूल येईपर्यंत रडली नाही. पुलावर रडली. मी गाडी हळू केली. मीही याच पुलावर रडले होते, फक्त उलट दिशेने जाताना.

पुलापुढे उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रेलरचा, आणि एक मोळी रस्त्यात पडली. ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, नंदीची मुंडावळसुद्धा हलली नाही. तुमच्या नावाने मनात नमस्कार केला.

पाटसला दारात वाजंत्री होती. सोपानराव स्वतः ताट घेऊन पुढे आले. त्यात टॉवेल, टोपी, नारळ. त्यांनी मागच्या गाडीतून उतरणाऱ्या ज्ञानेशकडे बघितलं आणि विचारलं, "ड्रायव्हर कुठं हाय?"

मी दार उघडून उतरले. म्हटलं, "मीच."

ते थांबले. वाजंत्रीवालाही थांबला. त्यांच्या घरातल्या बायका आपापसात बघायला लागल्या. मी कोण, माझं कपाळ मोकळं का, हे सगळं त्यांना एका नजरेत कळलं. भावजी, आधाराला गाडीचं दार हाताशी होतं, पण मी ते धरलं नाही. सोपानरावांच्या मंडळी आतून खण घेऊन आल्या. बाई भली आहे, वाट काढायला आली होती. मी म्हटलं, "खण ठेवा, तो नंतर घेईन. आधी ड्रायव्हरचा जो मान असेल तो द्या. त्याशिवाय आमची नवरी उतरत नाही, रीत आहे."

गाडीच्या आतून नंदीने दाराची कडी लावल्याचा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला.

सोपानराव हसले. म्हणाले, "रीत ती रीत." आणि त्यांनी माझ्या डोक्यावरच्या पदरावरच टोपी ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला. मग वाकून नमस्कार केला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली, नंदी उतरली.

टोपी बिरदेवच्या हाती पाठवते आहे. ती मला मोठी होते आणि तुमच्या मापाची आहे. लग्नात जी घातली होती ती ग्रीसने गेली असं सरूने सांगितलं. ही घाला आणि पारावर बसा. कुणी विचारलं कुठली, तर सांगा.

टॉवेल माझ्याकडे राहील. रोज सकाळी गाडीची काच पुसायला लागतो.

मुक्ता